उस्तादांना न जमलेला चेहरा

उस्तादांना आयुष्यात एकच चेहरा जमला नाही, असं त्यांच्या घरचे सांगतात. त्यांच्या हाताखाली शिकलेलेही तेच सांगतात. माझी बायकोही मरेपर्यंत तेच सांगत होती. तो चेहरा तिचाच होता. आणि तो जमला होता. चांगला जमला होता. मी माझ्या हातानं तो मोडला. हे दोनच माणसांना ठाऊक होतं, एक उस्ताद आणि एक मी. उस्ताद गेले. तेव्हा आता बोलायचं तर मलाच बोललं पाहिजे.

मी गवंडी माणूस. शाळा चौथीपर्यंत. लिहिण्यात चुका होतील, त्या होऊ द्या. भिंत सरळ असली म्हणजे झालं.

उस्तादांची शेड कॅम्पात होती, एका बेकरीच्या मागच्या भिंतीला टेकून. पत्र्याची. बेकरीच्या भट्टीमुळे भिंत कायम गरम, म्हणून थंडीत सगळे कारागीर एकाच बाजूला काम करायचे आणि उन्हाळ्यात दुसऱ्या. बंगल्यांवर, थिएटरांवर समोरच्या बाजूला जी नक्षी असते ना, वेली, कमळं, सिंहाची तोंडं, ते सगळं उस्ताद सिमेंटात काढायचे. पण त्यांचं नाव झालं ते माणसांच्या खांबांमुळे. म्हणजे खांबाच्या जागी माणूस उभा असतो, मानेवर नाहीतर डोक्यावर छत घेऊन. तसली कामं पुण्यात त्यांच्याशिवाय कुणाला येत नव्हती.

मी पहिल्यांदा काम मागायला गेलो तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही.

"ती गोणी उचल," म्हणाले.

सिमेंटची गोणी होती. उचलून खांद्यावर घेतली.

"आता उभा राहा."

उभा राहिलो. ते समोर स्टूल घेऊन बसले आणि बशीत ओतून चहा प्यायला लागले. एक कप संपला, दुसरा मागवला. माझे पाय थरथरायला लागले तरी माणूस आपला बघतोय. शेवटी म्हणाले, "ठेव खाली. तुझा काही उपयोग नाही."

"का हो? पडू दिली का मी?"

"पडू दिली नाहीस, पण ओझं झालंय हे तोंडावर दिसू द्यायची तुला लाज वाटते. चेहरा कोरा ठेवतोस. असल्या माणसाचा खांब करून काय उपयोग? गिलावा येतो का?"

"येतो."

"मग गिलावा कर."

असा मी त्यांच्याकडे लागलो. मी पुण्याजवळच्या मांजरी गावचा, माझ्या बोलण्यात 'हाय' आणि 'न्हाय' असायचं. उस्ताद कॅम्पातले मुसलमान, पण मराठी असं बोलायचे की मास्तरनं ऐकत बसावं. मी 'हाय' म्हणालो की ते लगेच 'आहे' म्हणायचे, वर बघायचेसुद्धा नाहीत. दोन वर्षांत माझं बोलणं सुधारलं ते त्यांच्यामुळे.

आम्ही कामगार त्या खांबातल्या माणसांना हमाल म्हणायचो. उस्तादांना ते खपायचं नाही. "हमाल पोतं टाकतो, चहा पितो, संध्याकाळी घरी जातो," म्हणायचे. "हा जातो का घरी? याला शिक्षा आहे." मग ती गोष्ट सांगायचे. त्यांना ती कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या पारशी आर्किटेक्टनं सांगितली होती. त्यांनी ती इतक्यांदा सांगितली की मला पाठ आहे.

ग्रीक लोकांचे देव होते. त्यांच्याशी अ‍ॅटलस नावाचा एक दांडगा माणूस लढला आणि हरला. त्याला शिक्षा काय, तर आभाळ मानेवर धरून उभं राहायचं. कायमचं. एकदा तिथं एक पैलवान आला. अ‍ॅटलस त्याला म्हणाला, तू जरा धर, मी तुझं काम करून येतो. पैलवानानं धरलं. अ‍ॅटलस मोकळा झाला, हिंडून आला, आणि म्हणाला, आता राहा तूच. पैलवान म्हणाला, बरं, राहतो, पण मानेला रुततंय, एवढी चुंबळ करून घेतो तोपर्यंत धर. या भोळ्यानं धरलं. पैलवान जो गेला तो गेला. तेव्हापासून हा उभा आहे, आणि चुंबळही नाही.

"मी त्याची शिक्षा माफ करू शकत नाही," उस्ताद म्हणायचे. "चुंबळ देऊ शकतो."

आणि खरंच द्यायचे. त्यांनी केलेल्या प्रत्येक माणसाच्या मानेवर, छताच्या खाली, कापडाची गोल चुंबळ असायची, अगदी पिळाच्या घड्यांसकट. आर्किटेक्ट लोक यायचे, पुस्तक दाखवायचे, "ग्रीक कामात हे असं नसतं." उस्ताद चष्मा पुसून पुस्तक नीट बघायचे आणि विचारायचे, "हे पुस्तक ज्यानं लिहिलं त्यानं कधी डोक्यावरून काही नेलंय का?" काम गेलं तरी चालेल, चुंबळ जायची नाही. अशी दोन कामं माझ्यासमोर गेली.

एका बंगलेवाल्या बाईंना दारात दोन अ‍ॅटलस हवे होते, पण हसरे. पाहुण्यांना बरं वाटलं पाहिजे म्हणे. उस्ताद म्हणाले, "बाई, हसतोय तो छत धरत नसतो, फोटो काढून घेत असतो." बाई रागावल्या. उस्ताद म्हणाले, "आपण असं करा, दोन वेटर उभे करा. हसतीलही आणि पाणीही देतील."

तसे ते सगळ्याच खांबांशी बोलायचे. कुठंही गेले, बँकेत, दवाखान्यात, की आत शिरताना खांबावर थाप मारायची आणि हळूच विचारायचं, "दमलास?" बँकेतल्या वॉचमनला वाटलं त्यालाच विचारतायत. तो रोज उत्तर द्यायला लागला, घरची सगळी रड सांगायला लागला. उस्ताद तेही ऐकून घ्यायचे. पुढं मेट्रोचे खांब उभे राहायला लागले तेव्हा ते फार म्हातारे झाले होते. एकदा म्हणाले होते म्हणे, "यांना तोंडं नाहीत, म्हणून कुणाला यांची दया येत नाही." हे मी ऐकलं नाही. तोपर्यंत मी त्यांच्याकडे जायचं सोडलं होतं.

बायकांचे खांब मात्र ते करायचे नाहीत. ग्रीक लोकांत तेही असतात. कॅरियाटिड म्हणतात त्याला. डोक्यावर छत घेतलेली बाई. गिऱ्हाइकं मागायची, उस्ताद नाही म्हणायचे. "बाईच्या डोक्यावर मी ओझं चढवणार नाही, आधीच आहे तेवढं पुरे." रस्त्यात एखादी बाई भारा घेऊन चाललेली दिसली आणि तिनं पत्ता विचारला, तर आधी तिला भारा खाली ठेवायला लावायचे आणि मग पत्ता सांगायचे. तिला परत उचलायला दुप्पट त्रास व्हायचा, पण ते त्यांच्या डोक्यात शिरायचं नाही.

मग मांजरीचं काम आलं. तीसेक वर्षं झाली असतील. तिथल्या एका बागायतदार शेठनं उसाच्या रानात लग्नाचा हॉल बांधायला काढला. परदेशात जाऊन आला होता, तिकडचा एक फोटो आणला होता. दाराच्या दोन बाजूंना दोन बायका, डोक्यावर छत. तसंच पाहिजे. उस्ताद नेहमीप्रमाणे नाही म्हणाले. शेठ महिनाभर येत राहिला. उस्ताद हॉलची बाकीची नक्षी करायला तयार झाले, पण ते दोन खांब नुसते विटांचे ठेवले. गिलाव्याला मी होतो, आणि मालाची घमेली द्यायला माझी बायको होती. लग्नाला तीन-चार वर्षं झाली होती आमच्या. ती माझ्याबरोबरच बिगारी म्हणून यायची.

तिचं चालणं मी रोज बघत होतो, म्हणजे बघत नव्हतो. उस्तादांनी बघितलं. डोक्यावर भरलेलं घमेलं, हात मोकळे, आणि ही बया दुसऱ्या बिगारणीशी गप्पा मारत, खिदळत परांचीवर चढायची. मान हलायची नाही. उस्तादांनी हातातलं काम ठेवलं. दोन दिवस ते काही न करता तिलाच बघत बसले. तिसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाले, "त्या पारशी साहेबानं मला बायकांच्या खांबाच्या दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक अशी, की कार्या नावाचं गाव हरलं, तिथल्या बायकांना शिक्षा म्हणून ओझी दिली. दुसरी अशी, की त्याच गावच्या पोरी त्यांच्या देवीपुढं डोक्यावर टोपल्या घेऊन नाचायच्या. मी आजपर्यंत पहिलीच खरी धरून बसलो होतो. माझं चुकलं."

मला काही कळलं नाही. ते उठले आणि थेट तिच्याकडे गेले. मला विचारलं नाही.

"बेटी, तुझा चेहरा मला देशील का? त्या खांबाला लावायचा आहे."

तिनं घमेलं उतरवलं, पदरानं तोंड पुसलं. "देते की. पण नाक तेवढं सरळ करा."

"नाक सरळ केलं तर छत पडेल."

"मग ऱ्हाऊ द्या बाई, लोकांचं छत कशाला पाडू," ती म्हणाली, आणि सगळी साईट हसली. मीही हसलो. त्या दिवशी मला बरं वाटलं होतं, हेही लिहून ठेवतो.

एका खांबाला उस्तादांनी आपल्या आईचा चेहरा दिला. त्यांची आई ते लहान असतानाच गेली होती, आठवणीतून केला. दुसरा माझ्या बायकोचा. रोज दुपारी जेवणानंतर ती रिकामं घमेलं डोक्यावर घेऊन उभी राहायची आणि उस्ताद परांचीवर बसून काम करायचे. तिला वर येऊन बघू द्यायचे नाहीत. "पुरा झाल्यावर. अर्ध्या चेहऱ्याला स्वतःला दाखवायचं नसतं." ती घरी येऊन मला विचारायची, "अहो, कसा झालाय? तुम्ही तर रोज बघता." मी म्हणायचो, "होतोय."

झाला होता. मी पाहिला. हसू नव्हतं त्यात, पण आत्ता बोलता बोलता थांबलीय आणि पुढचं वाक्य ओठाशी आहे, असं तोंड. तेच बसकं नाक. उजव्या भुवईतला कट, लहानपणी विळा लागलेला, तोसुद्धा. सिमेंट घोटून असं गुळगुळीत केलं होतं की हात लावला तर ऊब लागेल असं वाटावं. दुसऱ्या दिवशी तिला दाखवायचं ठरलं होतं.

त्या संध्याकाळी साईटवरचे दोघं-तिघं गवंडी खालून बघत उभे होते.

"मिस्त्री, वहिनी लै भारी दिसत्यात."

"आता काय, कायमची नोकरी. शेठच्या दारात."

"वरातीत पिऊन आलेला एकेक जण गालाला हात लावून जानार बघा."

मी हसण्यावारी नेलं. घरी गेलो, जेवलो, पण डोक्यातून जाईना. सकाळी उस्तादांकडे गेलो. म्हणालो, "चेहरा बदला."

"का?"

"लोक बोलतात."

"लोक खांबाला बोलतात की तुला?"

"माझी बायको आहे ती."

"पलीकडे माझी आई आहे," उस्ताद म्हणाले. "मी घाबरलोय का? हे बघ, चेहरा तिचा आहे. तुझा नाही आणि आता माझाही नाही. ती येऊन बदला म्हणाली तर आत्ता बदलतो. जा, विचारून ये."

मी विचारायला गेलो नाही, कारण ती नाही म्हणणार हे मला ठाऊक होतं. तिला निरोप धाडला, आज माल लागणार नाही, चेहरा उद्या बघ, तू घरी थांब.

शुक्रवार होता. दुपारी उस्ताद नमाजाला गेले, बाकीचे मागं सावलीला जेवायला बसले. मी परांचीवर चढलो.

आता जे लिहितोय ते गवंड्याला लगेच कळेल, बाकीच्यांसाठी सांगतो. जुन्या गुळगुळीत कामावर नवा गिलावा तसाच थापला तर धरत नाही. दोन-तीन उन्हाळ्यांत फुगतो आणि टरफलासारखा सुटून पडतो, खालचं जसंच्या तसं राहतं. म्हणून आधी छिन्नीनं खाचा पाडायच्या असतात. जवळजवळ, आडव्यातिडव्या. मग पाणी मारायचं, सिमेंटचं पातळ पाणी द्यायचं आणि मग माल.

मला तेव्हा राग होता. रागात माणूस हयगय करतो. मी नाही केली. हात शिकलेला होता. कपाळापासून सुरुवात केली, मग गाल, पापण्या, ओठ, हनुवटी. एकसारख्या खाचा पाडल्या. धूळ झटकली, पाणी मारलं, माल लावला, नवं नाक काढलं, नवे गाल काढले. मला माणसाचं तोंड काढता येत नाही. उलथ्या ताटलीसारखं काहीतरी झालं. त्याला दोन डोळे पाडले. उतरलो आणि हात धुतले.

कामचुकार असतो ना मी, नुसतं थापून गेलो असतो, तर तिचा चेहरा आज त्या गिलाव्याखाली असता.

उस्ताद परत आले. खाली उभे राहून त्यांनी वर बघितलं. मग साठीतल्या माणसाला परांचीवर चढायला जेवढा वेळ लागतो तेवढा घेऊन वर गेले. ओल्या मालात बोट घालून एका जागी खालपर्यंत नेलं. खाच लागली असणार. बोट धोतराला पुसत खाली आले. ते धोतर नेसायचे, हे सांगायचं राहिलं.

मला वाटलं मारतील. मी मार खायला उभाच होतो.

"खाचा चांगल्या पाडल्यास," म्हणाले.

एवढंच. त्यानंतर ते माझ्याशी कामाचं सोडून एक शब्द बोलले नाहीत.

संध्याकाळी शेठ आला. एका खांबाला आई आणि दुसऱ्याला ताटली. ओरडायला लागला. "उस्ताद, हे काय केलंत? लहान पोरानं केल्यासारखं."

मी घमेल्यातला माल कालवत होतो. दहा हातांवर. माझं नाव घेतलं असतं तर त्याच घटकेला काम गेलं असतं, आणि पुढं कुणी दिलं नसतं. मी मान वर केली नाही.

"जमला नाही," उस्ताद म्हणाले.

"जमला नाही म्हणजे? काल तर चांगला होता असं ऐकलं."

"ऐकीव गोष्टीवर जाऊ नका. मला नाही जमला."

"मग पुन्हा करा."

"नाही. आता मी चेहरे करत नाही." आणि खरंच, त्यानंतर त्यांनी चेहरा केला नाही. वेली केल्या, कमळं केली. लोक म्हणायला लागले, उस्तादांचा हात गेला. मांजरीच्या हॉलवर गेला. ही गोष्ट कॅम्पभर झाली, आणि कुणी मला विचारलं की मीही मान डोलवायचो. डोलवायचो काय, एकदोनदा मीच सांगितली.

घरी बायकोला तेच सांगितलं, आणि त्या साईटवर तिला परत नेलं नाही. "उस्तादांना तुझं तोंड जमलं नाही."

ती चुलीपुढं होती. तव्यावरची भाकरी उलटायची राहिली. "एवढ्या मोठ्या मानसाला?"

"नाही जमलं."

"मग माझ्याच तोंडाला घाट नसंल," ती म्हणाली आणि हसली.

मला वाटलं विसरेल. विसरली नाही. रडली वगैरे नाही, उलट तिनं त्याचा विनोद केला. लग्नकार्यात कुणी फोटो काढायला लागलं की तोंड फिरवायची. "उस्तादांना जमलं नाही, तुमच्या त्या डबीला काय जमणार?" पुढं पोरांच्या हातात मोबाइल आले तरी तेच. सगळ्या फोटोंत ती आहे, आणि सगळ्यांत पदर आहे नाहीतर अंबाडा आहे. तीस वर्षं मी ते वाक्य ऐकलं. प्रत्येक वेळी वाटायचं आता सांगावं, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी बसलेलं असायचं. कुणी नसायचं तेव्हा मी असायचोच.

एकदा, पाचसहा वर्षांनी, तोवर मी उस्तादांचं काम सोडलं होतं, आम्ही दोघं कॅम्पात चपला घ्यायला गेलो होतो. समोरून उस्ताद आले. मी रस्ता बदलणार तोवर ही पुढं झाली. पाया पडली.

"उस्ताद, राग नाही ना? माझं तोंड जमलं नाही तुम्हाला."

मला वाटलं, संपलं. या माणसानं आजवर कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं. आर्किटेक्टला हाकलणारा माणूस. चुंबळीसाठी कामं सोडणारा. आणि मी त्याच्यासमोर नव्या चपलांची पिशवी घेऊन उभा.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. थोडा वेळ. मी काही बोलतो का, हे बघत असावेत. मी पिशवीतल्या चपला बघत राहिलो.

"नाही जमलं, बेटी," ते तिला म्हणाले. "तुझ्या तोंडात खोट नव्हती. माझा हात कमी पडला."

ती घरी येईपर्यंत हळहळत होती. "बिचारे. किती वाईट वाटलं त्यांना." रात्री भाजीत मीठ दोनदा पडलं.

उस्ताद वारल्याचं कळलं तेव्हा मी येरवड्याला एका सोसायटीचं काम करत होतो. स्लॅब आहे म्हणून सांगितलं आणि मयतीला गेलो नाही. स्लॅब दुसऱ्या दिवशी होता.

ही मागच्या दिवाळीनंतर गेली. आठ दिवस ताप, मग छाती. भिंतीवर लावायला फोटो पाहिजे म्हणून पोरांनी सगळे मोबाइल धुंडाळले. तोंड असलेला एकच सापडला, आधार कार्डावरचा. तोच मोठा करून हार घातलाय. आधार कार्डावर कुणीही पोलिसांनी धरून आणल्यासारखंच दिसतं, तशी ती दिसते. नातू विचारतो, आजी एवढी रागावलेली का होती? मी म्हणतो, नव्हती रे.

तेराव्यानंतर मी मांजरीला गेलो. आता तिथं ऊस कुठं आहे, सगळ्या इमारती. पण हॉल आहे, जोरात चालतो. खांबांना सोनेरी रंग दिलाय. मॅनेजरला म्हणालो, मी जुना मिस्त्री, कामाची पाहणी करायची आहे. तो म्हणाला, बघा काका, पण मांडववाल्यांच्या मधे येऊ नका. त्यांचीच शिडी घेतली. पोरांनी धरली.

खिशातून नाणं काढलं. गिलावा सुटलाय का हे बघायला आम्ही नाण्यानं वाजवून बघतो. सुटला असेल तर पोकळ वाजतो. मला वाटलं, तीस उन्हाळे झालेत. पोकळ वाजला तर अलगद काढीन. खाचा असतील, असू देत. खाचांमधून एक भुवई तरी राहिली असेल, नाक राहिलं असेल. तेवढं चाललं असतं मला. माझं एकही काम आजवर फुगलेलं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी असं मागितलं की माझं काम खराब निघावं.

कपाळावर वाजवलं, गालावर वाजवलं. हनुवटीवर, डोळ्यांवर. सगळीकडे भरीव. एक केसाएवढी चीर नाही.

खाली उतरलो. पलीकडच्या खांबावरची उस्तादांची आई तशीच आहे, रंगाच्या थरांखाली जरा फुगलीय एवढंच. तिच्याकडे माझ्यानं बघवेना.

तिथून मी कॅम्पात गेलो. उस्तादांच्या मुलाचं आता तिथंच फॉल्स सिलिंगचं दुकान आहे, त्याच शेडच्या जागी. पन्नाशीचा झालाय. मला ओळखलं. पट्ट्या कापायचं मशीन बंद केलं, "या काका, काकूंचं कळलं, वाईट झालं," म्हणाला. चहा सांगितला. बशी मागवली नाही, कागदी कप आले.

इकडचं तिकडचं बोलत होता. मीच मधे म्हणालो, "तुझ्या वडिलांनी मांजरीचा हॉल केला होता."

"हो. तोच एक बिघडला. त्यानंतर अब्बांनी चेहऱ्याला हात लावला नाही. आम्ही फार म्हणायचो, ऐकलं नाही. म्हणायचे, गेला हात."

"बिघडला नव्हता," मी म्हणालो. "हातही गेला नव्हता. चेहरा झाला होता. हुबेहूब माझी बायको. मी फोडला. ते नमाजाला गेले होते तेव्हा मी वर चढलो आणि छिन्नीनं फोडला, वर माझा माल लावला. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. शेठला नाही, तुम्हाला नाही. तिलाही नाही, ती तोंडावर विचारत होती तरी."

त्यानं कप खाली ठेवला. चहावर साय धरली. मला वाटलं ओरडेल, आणि खरं सांगतो, ओरडावं असं वाटत होतं.

"काकूंना सांगितलं होतंत हे?" त्यानं विचारलं.

"नाही."

"त्यांना काय वाटायचं?"

"तेच. की तिच्या तोंडालाच घाट नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मोजमाप चुकलेल्या पट्टीकडे कारागीर बघतो तसं.

"मग काका," तो म्हणाला, "इथं यायच्या आधी तिकडं सांगायचं होतं."

मी हो म्हणालो. तो आणखी काही बोलेल म्हणून मी थांबलो. त्यानं कप कचऱ्यात टाकला, पट्टी सरळ केली आणि मशीन सुरू केलं.